हिरवी वायर

अंबड,
दि. १६ फेब्रुवारी २०२५, रविवार

चिरंजीव मुकुल यास राधाकिसनकाकाचा आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे बरे आहोत, तूही पुण्यात बरा असशील. थंडी सरली. तुझ्या काकूचे गुडघे दुखतात, माझी साखरेची गोळी चालू आहे. दुकान पोळ्यापासून बंदच आहे. आता कोणाच्या मोटरीत नवी तार भरून द्यायची हिंमत होत नाही. पोस्टात पत्रं गहाळ होतात असं ऐकतो, म्हणून हे रजिस्टरनं पाठवतो. मिळालं की मोनिकाला फक्त 'मिळालं' एवढं कळव, जास्त काही लिहू नको.

तू मोनिकाच्या फोनवर पाठवलेला मजकूर तिनं माहेरी आली तेव्हा वाचून दाखवला. उत्तर तिच्याकडून टाइप करून घेता आलं असतं. पण लेकीकडून लिहून घ्यावं असं हे उत्तर नाही. सातवी पास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

आधी तुझ्या फोनवरच्या ग्रुपचं. माझ्या अंगदच्या बेस गिटारचं जुनं रेकॉर्डिंग ऐकून तिथं माणसं भांडतात म्हणे. तारांखालचा, आवाज उचलणारा पिकअप एक म्हणतो जपानी, दुसरा म्हणतो अमेरिकेचा, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा. मोनिका वाचताना हसली, मलाही बरं वाटलं. त्यांना सांग, तो अंबडच्या बस स्टँडमागे पंपाच्या मोटरी भरणाऱ्या माणसानं भरलेला आहे. तार बेचाळीस नंबर, केसाहून बारीक. चुंबकाच्या कांड्या तूच आणल्या होत्यास. पहिला पिकअप मी मोटरीसारखा व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत ठेवला आणि तार गुंडाळलेली बॉबिन वितळून गेली, ते तुला आठवत असेल. तू म्हणाला होतास, काका, याला व्हार्निश नाही, मेण पाजायचं असतं. मला नवल वाटलं होतं. गुंडाळीला मेण पाजलं नाही तर नुसतं नख लागलं तरी अँपच्या, म्हणजे आवाज मोठा करायच्या पेटीतून ठक ऐकू येतं, हेही तूच दाखवलंस.

तारेचे आटे किती, ते मात्र पक्कं सांगता येत नाही. साडेआठ हजार धरले होते. मशीनचा काउंटर बंद होता, म्हणून अंगद दर शंभराला फळीवर खडूची रेघ मारत होता. सहा हजारांच्या पुढे कुठंतरी काकूनं जेवायला हाक मारली. जेवून आलो तर त्याचा आकडा वेगळा आणि माझा वेगळा. मी माझ्याच आकड्यानं पुढं गेलो. त्यानं खडू ठेवून दिला. ग्रुपवर ज्याला गोल, गरम आवाज म्हणतात, तो कदाचित त्या चुकलेल्या आकड्याचा असेल.

काय दिवस होते ते. तुम्ही पोरं दुकानात पायानं दाबायची ती पेडलं ओळीनं मांडून बसायचात, कोणतं आधी जोडायचं आणि कोणतं नंतर यावर तासतासभर वाद. काकू दारातून म्हणायची, "येवढे डबे मांडून बसलेत, अन् एकात भाजी न्हाई."

तुझ्या मजकुरातल्या शेवटच्या दोन ओळी मोनिकानं हळू वाचल्या. तू लिहिलंस की तू अजून अँप लावत नाहीस, कानाला हेडफोन लावूनच वाजवतोस. आणि त्या रात्रीच्या अँपमध्ये तुझी कोणती चूक राहिली होती ती तीन वर्षं शोधूनही सापडत नाही, काकांच्या लक्षात काही आलं असेल तर सांगावं. मोनिकानं फोन खाली ठेवला आणि भांडी घासायला गेली.

त्याच्यावर येतो. आधी घरातलं एक सांगतो.

अंगदची लहान पेटी, म्हणजे घरातला अँप, अजून माजघरात आहे. बेस तिला जोडलेलाच असतो, काकू काढू देत नाही. दुपारी गेलेली लाइट आली की पेटी गुणगुणायला लागते. तारांवर हात नसला की हा गुणगुणीचा हम येतो आणि वाजवणाऱ्यानं हात ठेवला की तो थांबतो, हे तुला माहीत आहे. दिवाळीपासून तो हम मधेच थांबायला लागला आहे. माजघरात कोणी नसतं. काकू चुलीपाशी, मी ओसरीवर. मिनिटभर, कधी दोन मिनिटं सगळं गप्प, मग परत सुरू.

पहिल्यांदा झालं तेव्हा काकू पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "हात ठिवला बघा त्यानं." तिच्या तोंडावर इतका आनंद मी तीन वर्षांत पाहिला नव्हता. आता ती त्या वेळेला चहाचं आधण एका कपानं वाढवते.

मी सगळं तपासलं. वायरींचे टाके पाहिले, जॅक बदलला, बटण बदललं. शेजारच्या फ्रिजवर संशय घेऊन आठ दिवस त्याच्या वेळा लिहिल्या. जुळत नाहीत. तिला तो हात मायेचा वाटतो. मला वाटतं, तो हात ठेवून अंगद माझ्या बोलण्याची वाट पाहतो. हम थांबला की मी ओसरीवरून उठून अंगणात जातो, कारण हम थांबवायची दुसरी एक रीत मला माहीत आहे.

हसनाबादच्या हळदीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तुम्ही दुकानात तालीम करत होतात. तुझा मोठा अँप साउंडच्या मिक्सरला जोडला की घुं असा आवाज येत होता. तू म्हणालास, "काका, जालन्याहून एक ट्रान्सफॉर्मरचा डबा आणतो. तोवर हात लावू नका." आणि मोटारसायकलवर गेलास. बाकीची पोरं चहाला गेली. त्या 'हात लावू नका'चा मला राग आला होता. चाळीस वर्षं वायरीत हात घालणाऱ्याला कालचं पोरगं सांगतंय. मी तुझ्या अँपचा तीन पिनचा प्लग खोलला, त्यातली हिरवी वायर काढली, टोकाला काळी टेप गुंडाळली आणि प्लग परत आवळला. घुं गेलं. वरून कोणालाही काही दिसत नव्हतं.

अंगदनं बापाचं हे काम पाहिलं होतं. म्हणाला, "दादा, हिरवी म्हंजी अर्थिंगची ना?"

मी म्हणालो, "तू वाजव. मला शिकवू नको."

तो हसला आणि वाजवायला लागला. तू आलास तेव्हा मी सांगितलं, जरा नट आवळले. तू आणलेला डबा पिशवीतून काढलासुद्धा नाहीस. म्हणालास, काका, तुमच्या हातात जादू आहे.

दुसऱ्या दिवशी हसनाबादला जाताना टेम्पोच्या हादऱ्यानं अँपच्या आतली एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली असणार. अर्थिंग असती तर मांडवातला फ्यूज गेला असता. दहा मिनिटं अंधार, पोरांच्या शिट्ट्या, एवढंच. अर्थिंग नव्हती, म्हणून करंट पत्र्यातून केबलीनं बेसच्या तारांत आला. तारांवर अंगदचे हात होते, आणि कोरस म्हणायला त्यानं ओठ अर्थिंग असलेल्या माइकला लावले. पुढचं तू पाहिलं आहेस.

टेम्पोचा हादरा तुझ्या हातात नव्हता. हिरवी वायर माझ्या हातात होती.

अजून एक आहे, ते लिहायला जड जातं. तुम्ही त्याला जीपमध्ये घातलंत तेव्हा जीपमध्ये जागा होती. तू "काका, चला" म्हणालास. मी चढलो नाही. सामान बघतो म्हणालो. माझ्या खिशात पेचकस होता. लोक जीपमागे धावत होते, तेव्हा मी प्लग खोलून हिरवी वायर परत जागेवर लावली. नंतर तू सांगितलंस, फाट्यापर्यंत त्याची बोटं तुझ्या मांडीवर हलत होती. मी तिथं असायला पाहिजे होतं.

पंचनाम्यात प्लग ठीक निघाला, तुझा अँप खराब निघाला. तुझ्या पेटीनं माझं पोरगं खाल्लं, असं मी चार लोकांत तुला बोललो. तेराव्याला तुझे वडील गिरिधरराव ऑफिसातून तसेच आले आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. मी त्यांना बसा म्हणालो नाही. नंतर तू जालना सोडलंस.

त्या काळ्या टेपचा तुकडा मी चष्म्याच्या डबीत ठेवला होता. तो या कागदात घातला आहे. हे पत्र वडिलांना दाखव. पोलिसांना दाखवायचं असेल तर दाखव, मी नाही म्हणणार नाही. फक्त काकूला मी स्वतः सांगेपर्यंत थांब.

सोमवार, १७ तारीख.

काल पत्र बंद केलं नव्हतं, बरं झालं. आज दुपारी काकूला सांगितलं. पत्र होतं तसं वाचून दाखवलं, जीपचंसुद्धा. लाइट आलेली होती, पेटी गुणगुणत होती. ती माजघरात जाऊन बेससमोर बसली आणि हम थांबायची वाट पाहत राहिली. चहा टाकला नाही. रोजची वेळ टळली. आज तो थांबलाच नाही.

तिन्हीसांजेला तिनं तारांकडे हात नेला. मी ओरडलो, "थांब, अर्थिंग तपासू दे."

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तवा का न्हाई तपासली?"

आणि तिनं हात ठेवला. हम थांबला. मी हे ओसरीवर बसून लिहितो आहे, तिनं अजून हात काढलेला नाही.

तू एकदा ये. तो बेस तुझ्याकडे असावा असं मला वाटतं, पण ते आता तिला विचारावं लागेल. आणि मुकुल, तुझा अँप लाव. तुझी चूक शोधू नको, ती नव्हतीच.

चूक ज्याची होती तो,
राधाकिसन