कुरुळीचा ड्राय रन

प्रिय अहो,

आता नाव घेऊन हाक मारली तरी कोण अडवणार आहे? पण जिभेला सवयच नाही, तेव्हा 'अहो'च बरं. काल मी कुरुळीला जाऊन आले आणि आल्यापासून डोकं नुसतं भणभणतंय. लिफ्टवर चिडून झालं, दूधवाल्यावर ओरडून झालं, राग काही उतरेना. मग म्हटलं, ज्याच्यावर आहे त्यालाच लिहावं. आणि हे बघा, पूर्ण ऐकायचं! जन्मभर मी बोलायला लागले की 'बरं' म्हणून उठून जायचात. आता कुठे जाल?

पुनावळ्याच्या आपल्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत पाटावर बसून लिहितेय. शेजारी कपड्यांचं मशीन धडधडतंय आणि पायाखाली पाणीच पाणी. ड्राय बाल्कनी म्हणे! बिल्डरच्या माणसाने पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी विचारलं होतं, इथे काय करायचं? म्हणाला, कपडे धुवायचे, भांडी घासायची. अरे बाबा, मग अख्ख्या घरात ओली एवढीच जागा, तिला ड्राय का म्हणता? तो खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही कुठून तरी बादली पैदा केली होती आणि पाणी ओतून फरशीचा उतार बघत होतात.

हा शब्द आपल्या घरात आणला तुम्हीच. कंपनीतून यायचात ते पेंट ड्राय झाला नाही म्हणून कपाळाला आठ्या घालूनच. दिवाळीला कंपनीचा ड्रायफ्रूटचा डबा, त्यात निम्मे बेदाणे. दोन ऑक्टोबरला तुमच्या दोस्तांचा ड्राय डे, आणि आदल्या दिवशी त्यांची कोण धावपळ! सोसायटीत ड्राय कचऱ्याचा डबा वेगळा, त्यात मी केळीची सालं टाकली म्हणून सेक्रेटरीशी माझं भांडण. अशूसुद्धा एकदा वैतागून म्हणाली, "आई, बाबा किती ड्राय आहेत गं!" मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाली, "म्हणजे बोलताना ओलावाच नाही." मी तुमची बाजू घेतली, म्हटलं, तो त्यांचा स्वभाव आहे. उगाच घेतली असं आता वाटतंय.

आणि या सगळ्या ड्रायमध्ये तुमचा सगळ्यात लाडका कोणता? ड्राय रन! नवं मशीन आलं की आधी माल न लावता रिकामं चालवून बघायचं, कुठे अडतंय, कुठे घासतंय ते कळतं, मग खरं काम लावायचं. कंपनीत ठीक आहे हो. पण तुम्ही तो घरी आणलात! अशूच्या वेळी मला पोटात काही दुखत नसताना स्कूटरवर बसवून चाकणच्या दवाखान्यात नेलंत. नर्सने विचारलं, काय होतंय? तुम्ही म्हणालात, "काही नाही. ट्रायल आहे." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अशूच्या दहावीला आदल्या रविवारी परीक्षेचं केंद्र बघायला नेलंत, तर शाळा बंद. मग काय, पोरीला कुलूप लावलेल्या गेटला हात लावून परत आणलंत. लातूरला माझ्या भावाच्या लग्नाला जाताना बॅगा भरून त्या जिन्यावरून उतरवून पुन्हा वर आणल्यात, आणि एका बॅगेचं चाक निखळलं. "बघ," म्हणालात, "स्टँडवर निखळलं असतं." बरोबर होतं ते. तुमचं नेहमी बरोबर असायचं, हाच तर वैताग!

एका गोष्टीची तेवढी ट्रायल घेतली नाहीत. दसरा तोंडावर आलेला असताना सकाळच्या शिफ्टला डबा घेऊन गेलात, आणि दुपारी कंपनीचे लोक दारात. मशीनजवळ खाली बसले ते उठलेच नाहीत म्हणाले. कुणाला काही बोलायची संधी दिलीत का?

आता मुद्द्यावर येते.

तुम्ही जायच्या आधी, गणपतीत, अशूने तुम्हाला निखिलबद्दल सांगितलं. महाळुंग्याच्या कंपनीत तिच्याबरोबर क्वालिटी खात्यात असलेला, कुरुळीचा मुलगा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने सगळं सांगून टाकलं आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसली. तुम्ही काय म्हणालात? "बघू." आणि पेपर उचललात!

त्यानंतर तुम्ही आमच्यापाशी त्या विषयावर चकार शब्द काढला नाहीत, आणि गेलात. पोरीने काय समजायचं? तिने समजून घेतलं की बाबा रागावून गेले. माझ्यामुळे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, शेजारणीने सांगितलं, तिच्या डोक्यातून ते जाईना. निखिलचा फोन घेणं बंद केलं तिने. कंपनीत समोर आला तर मान खाली घालून जायची. मी बोलले की एकच, "आई, बाबांना नको होतं ते मी नाही करणार." अहो, तुम्हाला नको होतं हे तुम्ही तरी कधी सांगितलंत?

त्यात तुमचे भाऊ! भाऊजी लातूरहून दर रविवारी फोन करतात. "वहिनी, वर्षाच्या आत लग्न उरकायला पाहिजे, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतंय. आपल्याकडचं चांगलं स्थळ हाय. आन् गणपतीला आलो तेव्हा त्या कुरुळीच्या पोराला दादा नाही म्हणले होते, माझ्यासमोर." अशू म्हणाली, काका म्हणतील तसं. हसरी पोर ती, पण असं म्हणाली जणू भाजी कोणती करू विचारलं होतं. तो लातूरचा मुलगा पुढच्या महिन्यात बघायला येणार असंही ठरलं.

मग परवा निखिलच्या आईचा फोन आला. "ताई, नाही म्हणायचं तर म्हणा, पण एकदा घर बघून तरी म्हणा." गोड बोलली हो. अशूला न सांगता मी काल गेले. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला आला. घर चांगलं आहे त्यांचं, पुढे थोडं वावर राहिलंय, बाकी सगळीकडे कंपन्यांच्या भिंती. निखिलच्या आईने चहा दिला, म्हणाली, अशूच्या बाबांचा फोटो तरी दाखवा, भेट झालीच नाही. मी मोबाइलमधला तुमचा दाखवला, तो कंपनीच्या शर्टातला. खाटेवर निखिलची आजी बसलेली होती. तिने मोबाइल ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि ओरडलीच.

"अगं बया! ह्यो तर मोजणीवाला!"

मला काही कळेना. म्हटलं, कसला मोजणीवाला?

"आला व्हता की गणपतीच्या सुमाराला. वेशीपासनं पावलं टाकत आला आन् आमच्या वळणावर टेप लावून बसला. मी म्हणलं, आलं परत जमिनी घ्यायला! रस्त्याला दिली, कंपनीला दिली, आता काय चूल मोजायची ऱ्हायली का?"

"मग ते काय म्हणाले, आजी?"

"म्हणतोय कसा, न्यायला न्हाई आलो, द्यायला येणार हाय. बस वळंल का, तेवढं बघतोय. आन् वर इचारतोय, नळाला पाणी कवा येतं? आता मोजणीवाल्याला आमचं पाणी कशाला पायजे? मी म्हणलं, व्हय, समदे आधी असंच ग्वाड बोलत्यात. आन् दिला आमचा वाघ्या कुत्रा सोडून!"

निखिलची आई तोंडावर पदर घेऊन "आत्याबाई, आत्याबाई" करायला लागली. मी आधी हसले. पोट धरून हसले. आणि मग तिथेच, परक्या घरात, चहाचा कप हातात धरून इतकी रडले की ती बिचारी आजी घाबरून माझी पाठ चोळायला लागली. "मला काय ठावं गं माय, ह्यो मुलीचा बाप हाय म्हून?"

अहो! वऱ्हाडाची बस वळेल का, हे तुम्ही उगाच बघणारे होतात? जिथे खरंच जायचं नाही तिथली ट्रायल तुम्ही जन्मात कधी घेतली आहे का? नळाला पाणी कधी येतं, हे पोरगी नांदायला पाठवायची नसेल तर कोणता बाप विचारतो? तुमचं ठरलं होतं! पोरीने सांगितल्यावर लगेचच्या गुरुवारी सुट्टी बघून तुम्ही कुरुळी गाठलीत. मला आठवलं सगळं. त्या गुरुवारी पॅन्ट पोटरीवर टराटरा फाडून घरी आलात. म्हटलं काय झालं, तर "गेटला अडकली." मी रफू करता करता तुम्हाला केवढं बोलले, एवढ्या मोठ्या माणसाला चालता येत नाही का म्हणून! तुम्ही निमूट ऐकलंत आणि म्हणालात, "दोरा जरा जाड घे."

त्या क्षणी सांगता येत नव्हतं? मलाही गंमत वाटली असती ना! अशू बाहेरच्याच खोलीत होती. दोन शब्द, फक्त दोन शब्द! पण नाही. सगळं तपासून होईपर्यंत बोलायचं नाही, हा तुमचा नियम. अहो, मशीनला थांबवलं तर मशीनला काही होत नाही. पोर तुमच्या तोंडाकडे बघून बघून वाळून गेली. ह्याचा राग येतो मला. तुम्ही गेलात ह्याचा येतो त्यापेक्षाही जास्त येतो, खरं सांगते.

संध्याकाळी अशू कामावरून आली. मी तिला चप्पलही काढू दिली नाही, दारातच सगळं सांगितलं. पावलं, टेप, बस, पाणी, वाघ्या. ती ऐकत होती, चेहरा कोरा. मग एकदम म्हणाली, "कुत्रं मागे लागल्यावर बाबा पळाले?" मी म्हटलं, आजी म्हणते, पळाले नाहीत, टेप गुंडाळत गुंडाळत भरभर चालत गेले. तेव्हा तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती चपलांच्या रॅकजवळ खाली बसली. "ते रागावले नव्हते," म्हणाली. "आई, ते रागावले नव्हते गं." किती वेळ तेच म्हणत होती. मी तिला जेवायला उठवलं तेव्हा आतून तिच्या फोनचा आवाज आला. तिने घेतला. कुणाचा ते मी विचारलं नाही.

आज सकाळी मीच भाऊजींना फोन लावला. म्हटलं, दादा तुमच्यासमोर नेमकं काय म्हणाले होते, शब्द सांगा. गडबडले. "शब्द म्हणजे, 'बघू' म्हणले, वहिनी. पण मी दादाला ओळखतो ना."

म्हटलं, मी पण ओळखते. ते बघून आले, भाऊजी. टेप घेऊन गेले होते. त्या लातूरच्या मुलाकडच्यांना नाही कळवून टाका. मला वाटलं, आता भांडणार. पण पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग म्हणाले, "वळती का पण बस तिथं?" काय बोलावं! एकाच आईची लेकरं तुम्ही.

वळते, मी विचारून आले आहे. येत्या गुरुवारी आम्ही कुरुळीला जातोय, बोलणी करायला. वर्षाच्या आत लग्न होईल. मांडवात तुमची जागा रिकामी राहील आणि मला तिथे तुमचा राग येईल, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि एक शब्द देते तुम्हाला. तुम्ही पोटात ठेवलंत ते मी ठेवणार नाही. तू बाबांची फार लाडकी होतीस, हे मी अशूला रोज सांगणार. सासरी गेली तरी फोन करून सांगणार. "कळलं गं आई, किती वेळा!" म्हणून ती कंटाळली, तरी सांगणार.

तुमच्यावर अजूनही चिडलेली,
सुमन