साक्षीच्या आधी पाहिलेला सिनेमा

नागपूर, २६ मार्च २०२५

ती. यमुताईस,
धाकट्या सुभद्राचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही, म्हणून लिहिते. आठ एप्रिलला माझी साक्ष आहे. आपल्या हर्षाच्या बाबांना उडवून न थांबता गेलेला टँकर अंकुश चालवत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि दोन वर्षांपूर्वी पोलिसांना सांगितलं. आता कोर्टात त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचं आहे.

अंकुश जामिनावर सुटून वस्तीतच आहे. नळाला पाणी नसलं की फुकट टँकर आणतो, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतो. लहानमोठे सगळे त्याला दादा म्हणतात. मी दिसले की मान खाली घालतो.

शनिवारी हर्षानं बळजबरीनं सिनेमाला नेलं. त्यातला हिरो खून करतो आणि गावाला जेवूही घालतो. पोरं शिट्ट्या मारत होती. शेवटी त्याला गोळी लागली तेव्हा मी पदरानं डोळे पुसले. येताना हर्षाला विचारलं, त्यानं पहिल्यांदा मारला त्या माणसाचं नाव काय होतं? तिला आठवेना. मलाही नाही. त्याची बायको एकदाच दिसते, दारात उभी. तिचा चेहराही आठवला नाही.

पुस्तकांतही मला असेच लोक आवडत आले. सरळ माणसांची पानं मी भराभर उलटते. अंकुशची भीती आहेच. त्याहून मोठी भीती ही, की कोर्टात त्याचं पडलेलं तोंड पाहून माझी जीभच वळणार नाही.

मला रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझी,
सुभद्रा

उमरेड, ३० मार्च २०२५

चि. सुभद्रास,
जयभीम अन् आशीर्वाद. मी सांगून राहिली, नात पायल लिहून राहिली.

सिनेमात रडली म्हणतं. माह्या लग्नात तं टिपूस नाही काढलं वं तुनं, जिलेबी खात बसली होती.

माह्यं ऐकशील तं कोर्टात सांग का मले आठवत नाही. हर्षा रोज अंकुशच्याच गल्लीतून कामाले जाते. तिचा बाप देवराव काही परत येत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी तुह्या दारात चक्कर येऊन पडली, तं अंकुशनंच मले उचलून दवाखान्यात नेलं. मी त्याले आशीर्वाद देल्ला. तो आता परत कसा घेऊ?

पण एक गोष्ट दोन दिवसांपासून डोक्यातून जात नाही. मले उचलाले तो धावला. देवरावले काहून नाही उचललं? पायल म्हणते, आजी, हे लिहाले नको लावू. मी म्हटलं, लिही.

जेवत जाय. जीव तुह्यापाशीच आहे.
तुही,
यमुताई

नागपूर, ९ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

साक्ष झाली. मी पिंजऱ्यात उभी राहिले तोच समोरून अंकुशनं हात जोडून हळूच जयभीम केला. जन्माची सवय. माझेही हात जुळले, तोंडून जयभीम गेला. त्याच्या वकिलानं तेच धरलं. म्हणाला, नवरा मारणाऱ्याला कोणती बाई जयभीम करते? म्हणजे तुम्हालाच खात्री नाही. हा माणूस चांगला आहे की नाही, एवढंच सांगा.

मी सांगितलं, चांगला आहे, दारी पाणी आणतो. वकील हसला. मग मी थांबले नाही.

“माह्या बहिणीले यानं उचललं. माह्या नवऱ्याचा श्वास अर्धा तास चालू होता, त्याईले यानं नाही उचललं. टँकर हाच चालवत होता.”

अंकुश रडायला लागला. खोटं नव्हतं ते रडणं. मलाही रडू आलं, पण बोट मी खाली घेतलं नाही.

निकालाला वेळ आहे. चौदा एप्रिलची तयारी जोरात आहे, आमच्याकडे कोणी बोलवायला आलं नाही. शेजारच्या रुख्मिणीनं मला पाहून दार लोटलं. सकाळपासून अंकुशचे दोन मित्र समोरच्या ओट्यावर बसले आहेत. नुसते आमच्या दाराकडे बघतात. हर्षा कामावर गेली नाही. भरदिवसा कडी लावून लिहिते आहे.

पायलला फोन केलाच आहे, तरी हे माझ्या हातचं तुझ्यापर्यंत यावं. रविवारच्या आत एसटीनं ये. लोभ पत्रातून पोचतो ताई, पण आता मला घरात माणूस हवं आहे.

तुझी,
सुभद्रा