हिरव्या कापडावरचा भंडारा

सातारा, ११ फेब्रुवारी १९९६

आई,

मल्हारनं तुझ्या पायावर डोकं ठेवलं. मी खुशाल हाय, पोटभर जेवतोय. बाचा खोकला कसा हाय? काळी मेंढी व्याली का?

तू ज्याला गोट्यांचा खेळ म्हणतीस, त्या पूलमधी तुझा सतरा वर्सांचा ल्योक काल देशात पयला आला. कप हंड्याएवढा हाय.

अक्षर वाकडं दिसंल. डाव्या हातानं लिवतोय. उजव्या हाताची दोन बोटं मोडल्यात, पण प्लास्टर झॅक बसलंय. रडू नगं.

शेवटच्या डावाआधी तू दिलेला बिरोबाचा भंडारा हाताला लावला, तवा थोडा टेबलाच्या हिरव्या कापडावर सांडला. समोर सांगलीचा सुमंत खेळत हुता. त्याचा थोरला भाऊ देवदत्त वरडला, "मेंढक्यानं करणी केली!" पंचानं कापड पुसलं, मी खेळलो आणि जिंकलो.

मग देवदत्तनं खेळायची काठी माझ्या बोटांवर हाणली. त्ये सोसलं असतं गं. पण त्यानं भंडाऱ्याच्या पिशवीवर पाय दिला. मी काठी उलटी धरली आणि जड बाजू त्याच्या डोक्यात घातली. एकदा न्हाई, तीनदा.

आता दवाखान्यात त्याच्या खोलीभायेर बसलोय. शेजारी हवालदार हाय, पण त्यानं मला च्या पाजला.

बाला सांग, आज बिरोबाला भंडारा उधळा. माझ्या नावानं नगं. देवदत्तच्या नावानं उधळा. त्यानं अजून डोळं उघडलं न्हाईत.

तुझा,
मल्हार