भाडं वाढवा, ही विनंती

तीर्थस्वरूप आत्या,

तीन गाळे पलीकडून आणि मान खाली घालून नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याची सूज उतरली का? डॉक्टरांनी तुला मशीनवर सलग बसू नकोस म्हणून बजावलं आणि तू त्यांच्याच बॅगेची चेन बदलायला घेऊन दोन तास सलग बसलीस, हे माझ्या कानावर आलं आहे. माझाही डावा गुडघा दुखतो आहे, त्याचं कारण ओघात येईलच. आईबाबा बरे आहेत. दोघंही तुझी चौकशी करतात आणि मी "आत्या रोज भेटते की" असं सांगतो. हे खोटं आहे. या पत्रातलं पहिलं. बाकीची मागून येत आहेत.

तीन गाळ्यांवर बसणाऱ्या भाच्याने पाकीट चिकटवून पत्र पाठवावं याचं तुला नवल वाटेल. पण गेले अकरा दिवस मी तुझ्या दुकानासमोरून गेलेलो नाही. मागच्या बोळातून येतो आणि मागच्याच बोळातून जातो. त्या बोळात आमच्या संस्थेनेच गटाराचं काम काढलं आहे (फलकही आहे: 'गैरसोयीबद्दल क्षमस्व. हे काम तुमच्यासाठीच'), आणि मंगळवारी मी त्या माझ्यासाठीच्या कामात कमरेपर्यंत उतरलो. गुडघा तिथला. गवंड्याने हात देऊन वर काढलं आणि विचारलं, "साहेब, पाहणीला आलात का?" मी हो म्हणालो. वर दोन सूचनाही केल्या.

भाड्याची नोटीस मिळाली त्या दिवशी तू ती हातात घेऊन आमच्या ऑफिसात आली होतीस. मी बाहेरगावी गेलोय असं तुला सांगण्यात आलं. मी आत होतो, बाकांच्या खोलीत. (गल्लीत बसवायला चाळीस बाक आले, जागा निघाली सव्वीस बाकांची, उरलेले चौदा आमच्याकडेच एकमेकांवर बसले आहेत.) दाराच्या फटीतून तुझं बोलणं ऐकू येत होतं. तू म्हणत होतीस, "घाई नाही, आल्यावर सांगा त्याला. मालकीणबाईंना मी स्पष्ट सांगून आलेय, माझा भाचा त्या संस्थेत आहे, त्यांचं कामच ते, कुणाला उठवू देत नाहीत." त्यानंतर तू शिपायाला त्याच्या पिशवीचा बंद सुटलाय, दुकानात टाकून जा, शिवून देते, पैसे नकोत, असंही सांगितलंस. एवढं तरी सांगायला नको होतंस. मी बाकाचा पाय धरून उभा होतो.

आता मुद्द्यावर येतो. आमची संस्था काय करते हे तू गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा बरं समजावतेस: जुनी गल्ली सुधारायची, दिवे, फरशी, गटार, दुकानांच्या पाट्या सगळं नीट करायचं, पण गल्ली सुधारली म्हणून गल्लीतल्या जुन्या माणसांवर निघून जायची पाळी येऊ द्यायची नाही. यासाठी एक मोठी देणगीदार संस्था आम्हाला दरवर्षी पैसे देते. पण ते पैसे घरातल्यासारखे एका डब्यात येत नाहीत. दिव्यांचे पैसे दिव्यांनाच, बाकांचे बाकांनाच (चौदा बाक आठव). या खान्यातले त्या खान्यात घालायचे नाहीत. वर्षअखेरीस जे उरेल ते परत करायचं, आणि जेवढं परत करू तेवढं पुढच्या वर्षी कमी मिळणार, कारण ज्याअर्थी उरलं त्याअर्थी लागत नव्हतं. हे खाने सांभाळण्याचा पगार मी घेतो.

'कार्यालयाचं भाडं' या खान्यात महिन्याला अठरा हजार मंजूर होते. मालकीणबाई (तुझ्या आणि आमच्या गाळ्याच्या त्याच) आमच्याकडून नऊ घेत होत्या. वर्षाचं एक लाख आठ हजार परत करायची वेळ आली. दुसरा कोणीही माणूस म्हणाला असता, करा परत. मी तसा विचार केला नाही. मी बैठकीत म्हणालो की हा निधी गल्लीच्या हक्काचा आहे आणि तो गल्लीतच राहिला पाहिजे. टाळ्या पडल्या. मग मी कोरा सदरा घालून मालकीणबाईंकडे गेलो आणि भाडं वाढवा, ही विनंती, असं म्हणालो.

त्या खुर्चीवर उभ्या राहून पंखा पुसत होत्या. तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "नऊ जड जातात का? आठ द्या." मी म्हटलं, नाही, नऊ हलके जातात. त्यांनी फडकं खाली टाकलं आणि आत हाक मारली, "जावईबापू, जरा बाहेर या, मला एकटीला हे ऐकायचं नाही." मग साक्षीदार ठेवून आमची घासाघीस झाली. मी अठरा म्हणालो, त्या दहा म्हणाल्या. मी अठरावर ठाम, त्या नाइलाजाने अकरा. "अहो, लोक काय म्हणतील मला?" असं म्हणत म्हणत त्या तेरापर्यंत आल्या आणि तिथे अडल्या. जावईबापू माझ्या बाजूचे होते. शेवटी त्यांनी अठरा मान्य केले, पण एका अटीवर: ही वाढ आपण मागितलेली नाही, असं संस्थेने लेखी द्यायचं. बाई सरळ आहेत, आत्या. इथे वाकडा मीच.

ते पत्र मी लिहिलं. संस्थेच्या छापील कागदावर, शिक्क्यासह. त्यात नुसतं 'वाढ आम्ही मागितली' एवढं लिहून थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण हिशेब तपासनीसाने शंका काढू नये म्हणून मी एक वाक्य जोडलं: 'गल्लीतील सध्याचे दर पाहता सदर भाडे आमच्या मते वाजवी आहे.' सध्याचे दर मी पाहिलेले नव्हते. पाहिले असते तर तुझे पाच हजार पाहिले असते.

मालकीणबाईंनी ते पत्र प्लास्टिकमध्ये मढवून दारामागे टांगलं आहे. दोन महिने त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांना वाटलं की बाकीच्या गाळ्यांत आपलं नुकसान होतंय, आणि एखादी संस्था शिक्का मारून सांगते म्हणजे ते खरंच असणार. त्यांनी टेप घेऊन सगळे गाळे मोजले. तुझा गाळा आमच्यापेक्षा थोडा लहान म्हणून तुला अठरा नाही, चौदा. यातही त्या चोख. कुणी तक्रार घेऊन गेलं की पत्राकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "मी कुठे म्हणतेय? गरिबांची संस्था म्हणतेय." चावीवाला पहिल्याच आठवड्यात गेला. त्याने वाद घातला नाही, किल्ल्यांचा फळा सायकलला बांधला आणि गेला. आमच्या तिमाही अहवालात त्याची नोंद 'एक गाळा नव्या उद्योगासाठी उपलब्ध' अशी झाली आहे. ती मीच केली.

तुझ्या चौदा हजारांचं गणित मी मांडून पाहिलं. चेनमागे पन्नास रुपये धरले तर नुसत्या भाड्यासाठी तुला महिन्याला दोनशे ऐंशी चेना बदलाव्या लागतील. या भागात एवढ्या बॅगा नाहीत, आणि ज्या आहेत त्या तू इतक्या पक्क्या शिवल्या आहेस की सहा-सात वर्षं परत येणार नाहीत.

मी काहीच केलं नाही असं मात्र नाही. मालकीणबाईंकडे पुन्हा गेलो आणि भाडं परत नऊ करा म्हणालो. त्यांनी मला आधी बसवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" मग करार दाखवला. तीन वर्षांचा आहे. "तुम्ही तर पाच म्हणत होतात, मीच तीनवर आणलं," म्हणाल्या. तिथून अध्यक्षांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. अध्यक्ष भला माणूस आहे, त्यांना वाईट वाटलं. मग ते म्हणाले की आपण भाडं वाढवलं असं म्हणू नये, आपण गल्लीचं मोल ओळखलं असं म्हणावं. मी ते लिहून घेतलं. हात वहीवर आपोआप चालतो, आत्या, त्याला मी काय करू?

मार्ग एकच आहे. आमच्याकडे 'आधार निधी' नावाचा एक खाना आहे. गल्लीत वीस वर्षांहून जास्त काळ असलेल्या दुकानदाराचं भाडं वाढलं तर वाढीव रक्कम संस्था वर्षभर भरते. म्हणजे भाडं वाढवलंही आम्ही आणि वाढलेलं भरणारही आम्ही, आणि अहवालात दोन्ही यशं वेगवेगळ्या पानांवर. वर्षानंतर काय, हे मला ठाऊक नाही. पण तुझी सव्वीस वर्षं झाली आहेत, तू सगळ्या अटींत बसतेस. फक्त एका अटीत बसत नाहीस: अर्जदार संस्थेतल्या कोणत्याही कर्मचाऱ्याचा नातेवाईक नसावा. ही अट मूळ नियमांत नव्हती. मी घालायला लावली. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर कुणी आत्या नव्हती, सचोटी होती.

इतकं लिहून झालं. तू दुपारी जेवायला घरी गेलीस की हे शटरखालून सारतो. मोठ्यांना नमस्कार सांग असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्या मशीनलाही सांगायला मला तोंड नाही.

तुझा भाचा (तू सगळ्यांना सांगतेस तो)

ता. क. सोबत आधार निधीचा अर्ज जोडला आहे. पंधरा तारखेच्या आत दे. सातव्या रकान्यात नात्यातलं कोणी संस्थेत नोकरीला आहे का, असं विचारलं आहे. तिथे बिनधास्त 'नाही' लिही. तुला खोटं लिहायला सांगत नाही. मी राजीनामा दिला आहे.

ता. क. २. वरचं वाक्य पुरतं खरं नाही. राजीनामा लिहिला आहे, दिलेला नाही. टेबलाच्या खणात आहे, तारीख घातलेली नाही. घराचे हप्ते अजून आठ वर्षं आहेत. हे सगळं पत्र खरं तर एका गोष्टीसाठी लिहिलं: तुझ्या दुकानात मला काम मिळेल का? चेन बसवता येत नाही, पण घरोघरी जाऊन बॅगा आणणं आणि पोचवणं मी करीन, तेवढाच तुझ्या गुडघ्याला आराम. तू हो म्हणालीस की खणातला कागद अध्यक्षांना देतो, असं ठरवलं होतं.

ता. क. ३. ता. क. २ परत वाचलं. तुझं दुकान मी घालवायला निघालो आणि ते वाचवायच्या आधी त्याच दुकानात नोकरी पक्की करून मागतोय. पाकीट चिकटवलेलं परत फोडलं, आत गेलो आणि कागद देऊन आलो, आजची तारीख घालून. अध्यक्षांनी उभ्याउभ्याच वाचला. "आत्याचा अर्ज मंजूर झाला की परत येशील ना?" म्हणाले. मी म्हटलं, "मग तिचा निधी तुम्हाला थांबवावा लागेल." त्यांनी विचार केला आणि म्हणाले की हो, नियम पक्का केलेला दिसतोय. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. तेव्हा आता तुझ्या होकारावर काही अडलेलं नाही. अर्ज मात्र भर. उद्या दहाला मी पुढच्या रस्त्याने येतो. जे बोलायचं ते बोल, गिऱ्हाईक असलं तरी चालेल. सगळं बोलून झाल्यावर तुझ्याकडे जागा असेल तर डबा कुठे ठेवायचा ते दाखव. नसेल तर पायरीवर बसून खाईन आणि सहा वाजेपर्यंत तिथेच बसेन, कारण घरी मी ऑफिसला गेलो आहे.