हरकतीचा शब्द

लंडन
गुरुवार, ६ मार्च

प्रिय नेस्टा,

तू बरी असशील, तुझ्या एम्लिनचा गुडघा त्याला निदान भिंतीपर्यंत चालू देत असेल, आणि परवाच्या वाऱ्यात छपरावरच्या दगडी पाट्या जागच्या जागी राहिल्या असतील अशी आशा करतो. मी ठीक आहे. खोलीखालच्या लाँड्रीमुळे माझ्या सगळ्या कपड्यांना साबणाचा वास येतो आणि लोकांना वाटतं हा माणूस फार स्वच्छ आहे.

नाताळपासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं शुद्धलेखन तपासायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे, तेव्हा निदान चुका काढायला तरी तू हे शेवटपर्यंत वाचशील.

उद्या मेरेरिडचं विधेयक आहे, हे तुला माझ्याआधी कळलं असणार. चॅपलच्या दारावर तिने कागद लावलाय म्हणे. तुझ्या वर्गात होती तेव्हाही ती असंच सगळं दारावर लावायची. ती विरोधी बाकांवर आणि मी सरकारच्या, त्यामुळे उघडपणे मला तिचं कौतुक करता येत नाही. तुला सांगतो, विधेयक चांगलं झालंय. दोनच पानं आहेत. आपल्या वेल्सच्या किनाऱ्याचं आणि समुद्राच्या तळाचं भाडं राजाच्या नावाने गोळा होतं आणि लंडनच्या खजिन्यात जातं, ते यापुढे कार्डिफच्या सरकारला मिळावं, आणि त्यातून आधी समुद्रभिंती दुरुस्त व्हाव्यात. स्कॉटलंडला त्यांचं भाडं कधीच मिळालंय. आपल्याला का नाही, हा प्रश्न मीही पूर्वी समितीत विचारला होता. तेव्हा मला प्रश्न विचारता येत होते.

भिंतीचं तुला काय सांगायचं? कार्डिफ म्हणतं, लंडनने पैसे दिले तर दुरुस्ती करू. लंडन म्हणतं, भिंती हा कार्डिफचा विषय आहे. काउन्सिल म्हणतं, दोघांचं ठरेपर्यंत आम्ही हात लावणार नाही, आणि आबेरवेनच्या लोकांनी दुसरीकडे घरं बघायला लागावं. वडिलांचं, आपल्या तादचं, घर भिंतीपासून तिसरं. आज ते कोणी विकत घेणार नाही आणि कोणी विमाही उतरवणार नाही, हे तू मला नाताळात तीनदा सांगितलंस. मी ते पहिल्याच वेळी ऐकलं होतं.

उद्याचं होतं कसं, ते सांगतो. शुक्रवारी दुपारी, सभागृह उठायच्या सुमारास, खासदारांच्या खाजगी विधेयकांची नुसती नावं वाचतात. नाव वाचल्यावर सगळे गप्प राहिले तर विधेयक पुढे जातं. कोणीतरी, बहुतेकदा सरकारी बाकावर पाळीला बसलेला प्रतोद, बसल्या जागेवरून ‘हरकत’ एवढं म्हणाला की संपलं. भाषण नाही, मतदान नाही, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. वृत्तान्तात त्या माणसाचं नावही छापत नाहीत. कोणीतरी म्हणालं, एवढंच राहतं.

आज चहाच्या खोलीत मेरेरिड भेटली. ती आपल्या भाषेत बोलायला लागली की शेजारची टेबलं मान वळवतात, आणि तिला ते आवडतं.

“काय गेथिन, उद्या घरी जाणार ना? सकाळचीच गाडी पकड.”

“बघू.”

“बघू काय? मी नेस्टाला सांगून आलेय, गेथिन काही उद्या त्या बाकावर बसायचा नाही. पाणी आलं की काय होतं ते त्याने पाहिलंय.”

“चहा गार होतोय तुझा.”

तिने कप खाली ठेवला. “म्हणजे तूच आहेस.”

मी हवेविषयी काहीतरी बोललो. मग आमचा मुख्य प्रतोद हेस्केथ आला. गडी वाईट नाही, पण हसताना त्याचे डोळे कामावरच असतात. आमचं बोलणं ऐकून त्याने विचारलं, तुमच्या भाषेत ‘हो’ला काय म्हणतात? मी म्हटलं, तसा एक शब्दच नाही. प्रश्नात जे क्रियापद असेल ते धरून उत्तर द्यायचं. येणार का? येणार. आहे का? आहे. फक्त घडून गेलेल्या गोष्टीला होकार द्यायचा तर एकच शब्द, ‘दो’. मग ती गोष्ट कुठलीही असो.

“म्हणजे तुम्हा लोकांकडून सरळ ‘हो’ कधी मिळायचंच नाही,” तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो.

मला मात्र ताद आठवला. भरतीच्या आधी भिंतीतलं लोखंडी दार लावून तो घरी यायचा, आणि स्वयंपाकघरातून माम विचारायची, दार लावलंस? बूट काढता काढता तो म्हणायचा, दो. मग ती दिवा मालवायची आणि आपण झोपायचो. त्या दाराच्या पलीकडे काय आहे याचा मी लहानपणी कधी विचारही केला नाही.

नाताळात तू म्हणालीस, “तुला आता तोंड बंद ठेवायचा पगार मिळतो.” मला फार लागलं ते. पण खरंच आहे. प्रतोद झालेल्या माणसाने सभागृहात बोलायचं नाही, असा इथला रिवाज आहे. बोलायची मुभा असते ती एका शब्दाची, शुक्रवारी दुपारी.

उद्या बाकावर माझी पाळी आहे. हे पत्र तुला शनिवारी मिळेल, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. आधी सांगायला हवं होतं. सांगायला फोन उचलायला हवा होतास, असं लिहिणार होतो, पण तू उचलला असतास तरी मी एम्लिनच्या गुडघ्याचीच चौकशी केली असती.

तुझा,
गेथिन

लंडन
सोमवार, १० मार्च

प्रिय नेस्टा,

तुझा आवाज ऐकून बरं वाटलं, जरी तू दोनच वाक्यं बोललीस आणि फोन ठेवलास. मी तेव्हा हेस्केथच्या खोलीबाहेर बसलो होतो आणि त्याची सेक्रेटरी माझ्याकडे बघत होती. म्हणून “आत्ता बोलता येत नाही” म्हणालो. तुला ते नेहमीचं उत्तर वाटलं असणार.

आबेरवेनमध्ये माझ्यावर काय काय विनोद चालू आहेत ते एम्लिनने कळवलं. खाटीक म्हणतो, गेथिन पाहिजे तेव्हा बोलला नाही आणि बोलला तेव्हा कोणाला कळलं नाही. इथेही तेच चाललंय. लिफ्टमध्ये लोक मला बघून खोकतात. कारण आपला तो शब्द एवढा लांब आणि घशातला, की अर्ध्या सभागृहाला वाटलं मला ठसका लागला.

घडलं ते असं. आधीच्या चार विधेयकांवर मी हरकत घेतली. स्पष्ट इंग्रजीत, चारही वेळा. मग मेरेरिडचं नाव आलं. ती समोर उभी होती, कोटाला एक मार्चच्या आपल्या सणाचा डॅफोडिल अजून लावलेला, पार सुकलेला. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी तोंड उघडलं आणि शब्द बाहेर आला तो आपल्या भाषेतला.

उपाध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “माननीय सदस्य काही म्हणाले का?”

मी गप्प राहिलो.

“या सभागृहाच्या भाषेत मला हरकत ऐकू आलेली नाही,” त्या म्हणाल्या. एक क्षण त्या थांबल्या. तो क्षण त्यांनी मला दिला होता, हे मला कळत होतं. मग त्यांनी विधेयक या पायरीवर मंजूर झाल्याचं सांगितलं, सभागृह उठलं, राजदंड उचलून न्यायला माणूस आला, आणि मेरेरिड तशीच उभी राहिली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, “गेथिन, मी तुला काही विचारणार नाही. मला कोणी विचारलं तर मला काही माहीत नसावं.” शहाणी बाई आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते वाऱ्याने, असं तिचं म्हणणं.

आज हेस्केथने बोलावलं. त्याने मला चहा स्वतः ओतून दिला, तेव्हाच मी ओळखलं.

“जीभ घसरली, एवढंच म्हण,” तो म्हणाला. “दमला होतास, घरची आठवण आली, तोंडातून आईची भाषा निघाली. लोक हसतील. तूही हस.”

“आणि मग?”

“मग मी उपाध्यक्षांकडे जाईन. सदस्याची हरकत खरी होती, भाषा तेवढी चुकली. शुक्रवारची मंजुरी त्या मागे घेतील. माझं बोलणं झालंय.”

“आणि घसरली नसेल तर?”

त्याने कप बशीत ठेवला. “तर उद्यापासून तू प्रतोद नाहीस. पुढच्या निवडणुकीत पक्षाचं तिकीट मिळेल की नाही, हेही मी सांगू शकत नाही. गेथिन, अर्थखात्यात एक जागा रिकामी होतेय. तुझं नाव पुढे केलंय मी. तिथून तू तुमच्या दहा भिंती बांधशील. एका फुटकळ विधेयकासाठी कशाला हात पोळून घेतोस?”

“ते फुटकळ नाही.”

“बरं, नसेल. मला सरळ हो किंवा नाही सांग. मुद्दाम केलंस का?”

“उद्या सकाळी सांगतो.”

“यात विचार कसला करायचा? झालेली गोष्ट आहे,” तो म्हणाला. आणि खरं सांगतो, त्याच्या तोंडून ते शब्द आले तेव्हा मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

नेस्टा, मला भीती वाटते. तुला हसू येईल, पण मला या जागेची सवय झाली आहे. दारावरचा शिपाई नावाने हाक मारतो, त्याचीसुद्धा. पन्नाशीला आलेला माणूस दुसरं काय करणार, काउन्सिलच्या कचेरीत नोकरी मागायला जाणार? आणि हेस्केथ म्हणतो ते अगदीच खोटं नाही. विधेयक अजून कायदा झालेलं नाही. पुढच्या पायरीला खर्चाची परवानगी सरकारनेच द्यायची असते, आणि ती ते महिनोन्‌महिने अडवून ठेवू शकतात. मी सगळं घालवून बसेन आणि भिंत तशीच राहील, असंही होऊ शकतं. त्याच्या खोलीतून आल्यापासून मी हेच स्वतःला समजावतो आहे. अर्थखात्यातल्या खुर्चीवरून आबेरवेनचं भलं करता येईल, हे मी स्वतःला इतकं छान पटवून दिलं की मघाशी मी ‘जीभ घसरली’चा सराव केला, आरशासमोर, थोडं हसूनसुद्धा. छान जमलं मला. तेच बघून मला स्वतःची किळस आली.

एक गोष्ट हेस्केथच्या लक्षात नाही. मी इथे नवा होतो तेव्हा माझा पहिला लेखी प्रश्न काय होता, तुला आठवतं? तू तो कापून फ्रिजवर लावला होतास. या सभागृहात वेल्श बोलता येईल का? उत्तर आलं होतं की समितीत कधीमधी चालेल, पण सभागृहात इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत उच्चारलेलं काही उच्चारलंच नाही असं धरलं जाईल. मी त्या उत्तरावर एवढा चिडलो होतो की महिनाभर चॅपलपासून खाटकाच्या दुकानापर्यंत सगळ्यांना ते पाठ म्हणून दाखवलं. तो नियम या इमारतीत माझ्याइतका कोणाला ठाऊक नसेल.

शुक्रवारी मी इंग्रजी शब्दच म्हणणार होतो. अगदी आतपर्यंत ठरलेलं होतं. मग कारकुनाने विधेयकाचं नाव वाचलं, ‘वेल्सचा किनारा’ म्हणाला, ‘किनारा’ नीट आणि ‘वेल्स’ घाईत, उरकल्यासारखं. मी श्वास घेतला. तेवढ्या श्वासात मला तो नियम अक्षरशः आठवला. मी तोंड उघडलं तेव्हा मला माहीत होतं.

उद्या सकाळी मी हेस्केथला इंग्रजीत उत्तर देणार आहे. या वेळी भाषेचा घोटाळा नको. त्यानंतर पेट्या बांधीन, आणि शुक्रवारी, या हिवाळ्यात पहिल्यांदा, मला दुपारी कुठे बसायचं नसेल. एम्लिनला सांग, भरतीचं दार या आठवड्यात मी लावीन, त्याचा गुडघा जपू दे. आणि तू दारातच मला खूप बोलशील, ते मी ऐकून घेईन, पण आधी आत घे.

फोनवर तुझं दुसरं वाक्य होतं, “जाणूनबुजून केलंस का रे?” मी बोलता येत नाही म्हणालो. आता येतं. बूट काढताना ताद म्हणायचा, तसंच वाच.

दो.

तुझा भाऊ,
गेथिन