भावजींच्या शर्टाची कॉलर

ताई,

भावजींचा शर्ट अजून का पोचला नाही, हे तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी बटणं मिळत नाहीत अशी थाप मारली. खरं म्हणजे तो माझ्या शिवणाच्या दुकानातून नाहीसा झाला होता.

माझा शिवणवर्ग तुला ठाऊक आहे. गल्लीतल्या बायकांना फुकट शिकवते, स्वतःच्या पायावर उभ्या राहा म्हणून भाषण ठोकते. पण कॉलर बेतायची वेळ आली की त्यांना चहाला पाठवते आणि आतल्या खोलीची कडी लावते. सगळंच शिकल्या तर माझ्याकडे कोण येईल? ही खोड तुझीच. तूही मला सगळं शिवण शिकवलंस, पण कॉलर कधी दाखवली नाहीस.

हल्ली मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. कात्री हातात घेतली की माझंच भाषण कानात घुमायचं. शेवटी आज दार सताड उघडं ठेवलं, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि कॉलर कापून दाखवली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणाली, "बाई, रागावू नका, आम्हाला येते." आणि तिने पिशवीतून भावजींचा शर्ट काढला. सहा जणींनी आळीपाळीने त्याची कॉलर उसवून पुन्हा शिवली होती.

मी कोणत्या तोंडाने रागावणार? तुझ्या लग्नाआधी, तू शिवलेला बाबांचा शर्ट दोरीवरून उडाला म्हणून दिवसभर शोधत होतीस ना? तो माझ्या गादीखाली होता, कॉलर उसवलेला.

शर्ट उद्या पाठवते. हे पत्र बहुधा गादीखालीच जाईल.

तुझी धाकटी