सोलांनी घासलेल्या पुंगळ्या

मालवण, १० मार्च

चि. सुदेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडच्या जत्रेहून परतल्यापासून फोन करते आहे, उचलत नाहीस. रियाही तुझ्याकडून आल्यापासून गप्प आहे. नेमबाजीची स्पर्धा तोंडावर आली, आणि तिने जाकीट माळ्यावर टाकलंय. मामाभाचीचं बिनसलं की काय?

बाकी तुझं घर म्हणजे, शी! पाहुणे यायचे म्हणून समया घासायला घेतल्या, तर फडताळात काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे दोन डबे, हात लावायची किळस यावी असे. कोकमाची सोलं आणि राख लावून सगळ्या लखलखीत केल्या. काहींच्या बुडाला काळं फासलेलं, तेही काढलं आणि सगळ्या एका डब्यात भरल्या. आभार राहू देत, निदान फोन उचल मेल्या.

तुझी काळजी करून दमलेली,
अक्का

मसुरे, १४ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

उजव्या कानात सतत शिट्टी वाजते, डावाही धड नाही. फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

अक्का, तुझ्या त्या लखलखाटाची मला शिसारी आली आहे. पुंगळी पुन्हापुन्हा भरून वापरायची तर पितळ जपावं लागतं. जेमतेम दाबून मापात आणायचं, तोंड ताठरलं की शेक देऊन मऊ करायचं. तरी ते थकतंच. बुडाजवळ फिकट कडं दिसलं की ती बाद. बाद पुंगळ्यांना मी काळा पट्टा ओढतो. तोच तू घासलास! दुसरा डबा दिसेना, वाटलं बाद माल भंगारात दिलास. उरलेल्या चांगल्या समजून भरल्या.

रेंजवर पहिल्याच गोळीला बूड फाटलं, गरम वायू तोंडावर आला. चष्म्याने डोळे वाचले. ती गोळी रिया झाडणार होती. तिने गाल रायफलला टेकवलाही होता. वारा बघतो म्हणून मी तिला उठवलं आणि ती मीच झाडली.

राग आहे, तरी लोभ आहेच, तूही ठेवावास.

सुदेश

मालवण, १८ मार्च

चि. सुदेश यास आशीर्वाद.

मला माझ्याच हातांची किळस येते रे. सोलांचा वास जात नाही. समई काळी पडलीय, पडू दे.

रियाला जवळ घेऊन विचारलं. रेंजवर ते झालं तेव्हा ती कितीतरी वेळ तुला एकच विचारत होती म्हणे, मामा, तुका दिसता मां म्हणून. तू बोललाच नाहीस. तिला वाटलं, तू तिच्यावरच रागावलास. तुला ऐकूच येत नव्हतं, हे आज मी सांगितलं तेव्हा ती रडली.

तिला दोन ओळी लिही. दिसतं, एवढंच लिही.

अक्का